रुक्मिणीची नात आणि एक लाख कोटी पूर्वज

२६ जून १८७३ रोजी आझमगडला एक मुलगी जन्मली. तिचं नाव अँजेलिना योवर्ड. वडील विल्यम रॉबर्ट योवर्ड हे आर्मेनियन वंशाचे, आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज. व्हिक्टोरियाचे वडील ब्रिटिश आणि आई हिंदुस्थानी. त्या हिंदुस्थानी आजीचं नाव रुक्मिणी. योवर्ड दांपत्याचा संसार १८७९ मध्ये मोडला. मायलेकी १८८१ मध्ये बनारसला आल्या, तिथे त्यांनी इस्लाम स्वीकारला, आणि व्हिक्टोरियाची मलका जान, अँजेलिनाची गौहर जान झाली. १८८३ मध्ये दोघी कलकत्त्याला गेल्या. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग हिंदुस्थानातले आवाज तबकडीवर घ्यायला कलकत्त्यात उतरला, तेव्हा त्याच्या कर्ण्यापुढे जे पहिले गायक-गायिका उभे राहिले त्यांत गौहर होती. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार व्हायच्या, आणि कोणत्या तबकडीवर कोणाचं नाव छापायचं हे तिथल्या कामगारांना कळावं म्हणून ही पद्धत पडली होती. पुढच्या काळात तिची सहाशेच्या आसपास ध्वनिमुद्रणं झाली, दहाहून अधिक भाषांत. एक तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. म्हणजे तिचं सगळं मुद्रित गाणं सलग ऐकायला बसलं तर सव्वा दिवस पुरे.

गौहरच्या गाण्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. विक्रम संपत यांनी २०१० मध्ये तिचं सविस्तर चरित्र लिहिलं. मला मात्र इथे तिच्या रक्ताचा हिशेब मांडायचा आहे. एका गायिकेच्या अंगात आर्मेनिया, ब्रिटन आणि हिंदुस्थान एकत्र आले, हे ऐकायला दुर्मीळ वाटतं. हिशेब मांडत गेलं की ते दुर्मीळ राहत नाही. आणि हा हिशेब सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत बसून मांडायला एक कारण आहे. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत वंशावळ हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावी जुने दाखले, मोडीतली कागदपत्रं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं बाहेर निघाली. ज्यांनी आयुष्यात कधी खापरपणजोबांचं नाव उच्चारलं नव्हतं, तेही ते नाव शोधत तहसील कचेरीत उभे राहिले. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. अशी एका रेषेत वर जाणारी नावं म्हणजे वंशावळ, असं आपण धरून चालतो.

ही रेष किती बारीक आहे, हे आकड्यांशिवाय कळत नाही.

प्रत्येकाला दोन जन्मदाते. त्यांचे मिळून चार. मग आठ, सोळा, बत्तीस. दहाव्या पिढीला १,०२४. समजा, टेंभुर्णीच्या चौकातून सोलापूरच्या दिशेने, महामार्गाच्या कडेने आपण आपल्या एकेका पिढीचे पूर्वज मीटरभर अंतराने उभे करत गेलो. दहाव्या पिढीची रांग जेमतेम एक किलोमीटर भरेल. गावाच्या शिवेतच संपेल. चौदाव्या पिढीची सोळा किलोमीटर. सोळाव्या पिढीची पासष्ट किलोमीटर, तरी सोलापूर अजून लांब आहे. फक्त एक पिढी आणखी मागे गेलं की रांग १३१ किलोमीटरची होते. सोलापूर ओलांडून नळदुर्गाजवळ पोचते. एकोणिसावी पिढी हैदराबादच्याही पुढे. हा महामार्ग मच्छलीपट्टणमला समुद्राशी संपतो, आणि विसाव्या पिढीची १,०४८ किलोमीटरची रांग या रस्त्यावर मावत नाही. तिचं शेपूट बंगालच्या उपसागरात जातं. सव्विसाव्या पिढीची रांग पृथ्वीला दीड वेढा घालून उरते. तिसावी पिढी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ जणांची. रांगेची लांबी दहा लाख किलोमीटरच्या वर. इथून चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. रांग चंद्रापर्यंत जाऊन परत येईल आणि पुन्हा चंद्राच्या वाटेला लागून बरीच पुढे गेलेली असेल.

पिढीचं अंतर ढोबळपणे पंचवीस वर्षं धरलं तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षं. टेंभुर्णीत आज जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत हा काळ देवगिरीच्या यादवांचा. ज्ञानेश्वरांचा जन्म त्याच सुमारास झाला. फार मागे गेलो नाही आपण. आपल्याला कीर्तनातून, अभंगांतून ओळखीचं असलेलं जग आहे ते.

आता हाच हिशेब गौहरच्या बाजूने करू. तिच्या जन्मापासून दहा पिढ्या मागे म्हणजे १६२३ च्या सुमारास. महाराष्ट्रात तेव्हा मलिक अंबर निजामशाही सांभाळत होता. शिवरायांच्या जन्माला अजून काही वर्षं होती. गौहरच्या झाडावर त्या पिढीच्या १,०२४ जागा. निम्म्या, ५१२, वडिलांकडच्या. पाव, २५६, ब्रिटिश आजोबांकडच्या. उरलेल्या २५६ रुक्मिणीकडच्या. आर्मेनियन लोकांच्या इतिहासात हा काळ मोठ्या विस्थापनाचा होता. इराणचा शाह अब्बास याने १६०४ मध्ये आरस नदीकाठचं जुल्फा हे भरभराटीचं व्यापारी गाव रिकामं केलं आणि तिथल्या आर्मेनियन लोकांना इस्फहानजवळ नेऊन वसवलं. ती वसाहत म्हणजे नवं जुल्फा. तिथले व्यापारी पुढे सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्ता इथे पसरले. इंग्रजांनी मच्छलीपट्टणमला वखार घातली ती १६११ मध्ये. आमच्या महामार्गाचं जे दुसरं टोक आहे, तिथेच. एकमेकांची भाषा, धर्म, अन्न ठाऊक नसलेली ही तीन टोकांवरची माणसं. दहा पिढ्यांनी त्यांच्या वाटा आझमगडच्या एका घरात मिळणार होत्या.

आणखी मागे जाऊ. चोविसाव्या पिढीला, म्हणजे १२७३ च्या आसपास, गौहरच्या झाडावर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ जागा होतात. त्यातला हेमिंग्ज आजोबांचा पाव हिस्सा ४१ लाख ९४ हजार ३०४. त्या काळी सगळ्या इंग्लंडची लोकसंख्या चाळीस-पन्नास लाखांच्या घरात होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. म्हणजे एका आजोबाच्या जागा भरायलाच अख्खं इंग्लंड लागलं. उरलेले तीन आजी-आजोबा अजून बाजूलाच आहेत. चाळिसाव्या पिढीला, इसवी सन ८७३ पाशी, जागांची संख्या १ लाख ९ हजार ९५१ कोटींवर जाते. माणूस पृथ्वीवर आल्यापासून आजपर्यंत जन्मलेल्या सगळ्यांची बेरीज अभ्यासक सुमारे ११,७०० कोटी धरतात. एका गायिकेच्या हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजांच्या जागा जगात आजवर झालेल्या माणसांच्या नऊपटीहून जास्त.

गणित चुकलेलं नाही. जागा आणि माणसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फक्त आपण विसरलो. एकच माणूस अनेक जागांवर बसतो. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. अशा जोडप्याच्या लेकराला आठ पणजी-पणजोबा मिळायला हवेत, पण मिळतात सहा. कारण दोन माणसं आईकडूनही येतात आणि वडिलांकडूनही. स्पेनचा राजा बारावा अल्फोन्सो याचे आईवडील दोन्ही बाजूंनी चुलत-मावस नात्यातले होते. त्याला आठऐवजी चारच पणजी-पणजोबा होते. जवळच्या नात्यातली लग्नं नसली तरी पंधरा-वीस पिढ्यांनंतर हे घडतंच. पंचक्रोशीत सोयरीक करणाऱ्या माणसांच्या झाडाच्या फांद्या वर जाऊन परत एकमेकींत शिरतात. हजार वर्षांपूर्वीचा एखादा माणूस तुमच्या झाडावर हजारो, लाखो जागांवर बसलेला असू शकतो. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी तो तुमचा पूर्वज असतो.

इथून जो निष्कर्ष निघतो तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो खरा वाटेना. येल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ मध्ये हा प्रश्न गणिताने सोडवला. समजा, एक बंद लोकसमूह आहे. बाहेरचं कोणी येत नाही, आतली माणसं कोणाशीही लग्न करतात आणि लोकसंख्या स्थिर आहे. अशा समूहात आजच्या प्रत्येकाचा पूर्वज असलेला निदान एक माणूस किती पिढ्यांपूर्वी सापडेल? उत्तर असं की एकापासून दुपटीने चढत समूहाच्या लोकसंख्येपर्यंत पोचायला जितक्या पायऱ्या लागतात, साधारण तितक्या पिढ्या. सोलापूर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार ७५६. जिल्हा तसा बंद समूह असता, तर बावीस पिढ्या, म्हणजे साडेपाचशे वर्षं मागे गेल्यावर अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतच्या प्रत्येक माणसाचा एक सामाईक पूर्वज भेटला असता. साडेपाचशे वर्षांपूर्वी इथे बहमनी राज्य होतं.

चँग यांच्या उत्तराचा दुसरा भाग आणखी मोठा आहे. या पिढ्यांच्या पावणेदोन पटीहून थोडं अधिक मागे गेलं की एक सीमा येते. तिच्यापलीकडे जे कोणी होते त्यांची दोनच गटांत विभागणी होते: ज्यांचा वंश पूर्ण खुंटला ते, आणि आज जिवंत असलेल्या प्रत्येकाचे जे पूर्वज आहेत ते. तिसरा गटच नाही. सुमारे वीस टक्के पहिल्या गटात, ऐंशी टक्के दुसऱ्यात. सोलापूर जिल्ह्यासाठी ही सीमा एकोणचाळीस पिढ्यांवर, म्हणजे पावणेदहाशे वर्षांवर येते. वीस हजार वस्तीच्या गावासाठी पंचवीस पिढ्या. आणि १२१ कोटींच्या सगळ्या भारतासाठी? त्रेपन्न-चोपन्न. लोकसंख्या जिल्ह्याच्या दोनशे ऐंशी पट झाली, तरी पिढ्या चौदा-पंधराच वाढल्या. दुपटीच्या हिशेबात माणसांची गर्दी फार काळ टिकत नाही.

युरोपात या गणिताचं एक प्रसिद्ध उदाहरण सांगतात ते शार्लमेन बादशहाचं. तो वारला इसवी सन ८१४ मध्ये. त्याला पुष्कळ मुलं होती आणि त्यांचा वंश चालला. तेव्हा आज युरोपीय वंशाचा म्हणवणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्याचा वंशज असणार, असा हा हिशेब आहे. मग गौहर जानच्या आजोबांमार्फत तीही. त्याच ८१४ साली आपल्या दख्खनमध्ये राष्ट्रकूट अमोघवर्ष गादीवर आला. त्याची राजधानी मान्यखेट, आजचं मालखेड, सोलापूरपासून फार लांब नाही. त्याचाही वंश चालला. राजांची नावं राहतात म्हणून आपण राजांची उदाहरणं घेतो. पण अमोघवर्षाच्या घोड्यांना चारा घालणारा जो कोणी होता, त्याचा वंश खुंटला नसेल तर गणित त्याला राजाइतकीच जागा देतं. मला या सगळ्या हिशेबातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राजाचा वंशज असणं हा कोणाचा मक्ता नाही, आणि त्याच्या मोतद्दाराचा वंशज असण्यातून कोणाची सुटका नाही.

अर्थात आपल्याकडे समूह तसे खुले नव्हते. जातीची भिंत होती. पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की उच्चवर्णीय गटांत सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, जातीबाहेर लग्न करणं एकाएकी थांबलं. त्याआधीचं चित्र मात्र अगदी वेगळं होतं. प्रिया मुर्जानी यांनी २०१३ मध्ये भारतीय उपखंडातल्या त्र्याहत्तर गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे प्राचीन लोकसमूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात सर्रास एकमेकांत मिसळत होते, असं त्यात आढळलं. आज जवळजवळ प्रत्येक जातीत तो मिलाफ आहे. कमी-जास्त प्रमाणात, पण आहे. भिंत उभी राहिली ती मिसळून झालेल्या माणसांमध्ये.

शिवाय भिंतीला एक फट पुरते. रुक्मिणीचंच बघा. गौहरच्या चार आजी-आजोबांतली ती एक. पण चाळिसाव्या पिढीपर्यंत गेलं की तिच्या एकटीच्या मार्फत २७,४८७ कोटी जागा येतात, म्हणजे हिंदुस्थानातल्या तेव्हाच्या सगळ्या माणसांना पुन्हा पुन्हा बसवून उरतील इतक्या. कोणत्याही घराण्यात दहा पिढ्यांपूर्वी एकच बाहेरची व्यक्ती आली असेल, आणि कोणी तिची नोंद ठेवली नसेल, तरी ती आपलं सगळं झाड बरोबर घेऊन आलेली असते. त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाचे पूर्वज दोन्हीकडचे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या जनुकांत २०१६ च्या अभ्यासात मध्यपूर्वेतले आणि इथले असे दोन्ही धागे सापडले. दोन्हीकडची माणसं एकत्र आली ती सुमारे वीस ते तीस पिढ्यांपूर्वी. वसईला पोर्तुगीज १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षं होते; म्हणजे आठ पिढ्या. महादजी शिंद्यांच्या पलटणी उभ्या करणारा द बॉयन्य सव्हॉयचा होता आणि त्याचा संसार हिंदुस्थानी बाईशी झाला. शिंद्यांच्याच चाकरीत असलेल्या जेम्स स्किनरचे वडील स्कॉटिश, आई राजपूत.

झाडावर जागा असणं एक आणि अंगात अंश असणं दुसरं. हा फरक समजला की आकडे आणखीच चक्रावतात. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकीय मजकुराची सुमारे सहाशे कोटी अक्षरं असतात. निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून. गौहरच्या बाबतीत रुक्मिणीचा वाटा ढोबळ दीडशे कोटी अक्षरांचा. बरोबर पाव नव्हे. आजीकडून एखाद्याला वीस-बावीस टक्के मिळतात, एखाद्याला अठ्ठावीस. कारण मजकूर अक्षराअक्षराने वाटला जात नाही, मोठमोठ्या तुकड्यांनी येतो. एका पिढीत हे तुकडे थोडेच वाढतात. दहा पिढ्या मागचा हिशेब केला तर आपल्या अंगातला मजकूर सुमारे ६४० तुकड्यांचा बनलेला असतो. पूर्वज मात्र १,०२४. म्हणजे दहाव्या पिढीतल्या निम्म्याहून अधिक पूर्वजांचं एक अक्षरही आपल्यात नसतं. पंधराव्या पिढीला पूर्वजांच्या जागा ३२,७६८ आणि तुकडे जेमतेम ९७०. विसाव्या पिढीला जागा दहा लाखांवर, तुकडे तेराशे. तेहतिसाव्या पिढीला तर जागांची संख्या आपल्यातल्या एकूण अक्षरांपेक्षाही जास्त होते.

तेव्हा घराण्याचा जो मूळपुरुष म्हणून सांगितला जातो, वीस पिढ्यांपूर्वीचा, त्याच्या रक्ताचा थेंब अंगात आहे असं म्हणणाऱ्या माणसात त्याचं काहीही नसण्याची शक्यता फार मोठी आहे. एक अपवाद आहे. पुरुषाकडून पुरुषाकडे वाय गुणसूत्र जातं, पण ते एकूण मजकुराच्या शंभरात एक-दोन भाग इतकंच. आणि बाईकडून बाईकडे जाणारा त्याहून लहान एक मजकूर आहे: पेशीतल्या तंतुकणिकांचा, फक्त १६,५६९ अक्षरांचा. तो आईकडूनच मिळतो, वडिलांचा त्यात वाटा शून्य. गौहरला तो व्हिक्टोरियाकडून मिळाला, व्हिक्टोरियाला रुक्मिणीकडून. ना योवर्डांचं त्यात काही, ना हेमिंग्जांचं. कागदावर अँजेलिना योवर्ड. या सोळा हजार अक्षरांत अथपासून इतिपर्यंत रुक्मिणी आणि रुक्मिणीची आई, आणि तिची आई.

कागद कोणी लिहिला यावर बरंच अवलंबून असतं. इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद सक्तीची झाली. हिंदुस्थानातल्या बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतल्या ख्रिस्ती नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. योवर्ड आणि हेमिंग्ज शोधायला निदान जागा तरी आहे. रुक्मिणीची तशी सोय नाही. १७८० ते १७८५ या काळातली ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांची मृत्युपत्रं तपासली, तर दर तीनांपैकी एकात हिंदुस्थानी सहचारिणीसाठी किंवा तिच्या मुलांसाठी काहीतरी ठेवलेलं सापडतं. तिसरा हिस्सा! एवढी घरं, एवढ्या बायका. आणि कितीतरी नोंदींत त्या बाईचं पूर्ण नावसुद्धा नाही. तिचे आईवडील कोण, गाव कुठलं, हे तर नाहीच. रुक्मिणीचं निदान एक नाव उरलं, कारण तिची नात प्रसिद्ध झाली.

वडिलांकडची हीच एकेरी रेष आपल्या संविधानातही आली. अनुच्छेद ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन कोण याची व्याख्या आहे: ज्याचे वडील, किंवा वडिलांकडून वर जाणाऱ्या पुरुषांच्या रेषेतला कोणीही, युरोपीय वंशाचा होता. फक्त आई युरोपीय असेल तर तो माणूस या व्याख्येत बसत नाही. दहा पिढ्या मागे गेलात तर १,०२४ पैकी एका जागेवर कोण आहे एवढंच ही व्याख्या विचारते. जात पडताळणीचा अर्जही वडिलांकडच्याच नातेवाइकांचे दाखले मागतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे हेळवी येतात, बैलावर आपली पोथी लादून. तेही बहुतेक पुरुषांचीच वंशावळ वाचतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत आजोबा-पणजोबांच्या सह्या सापडतात आणि अंगावर काटा येतो, हे खरं आहे. पण दहा पिढ्यांचे मिळून पूर्वज होतात २,०४६, आणि पुरुषांची रेष त्यातली दहा नावं देते. वीस पिढ्यांचे होतात २० लाख ९७ हजार १५०. त्यातली वीस नावं. लाखात एक.

या मोजणीत युरोपीय आणि आपले असा भेद राहत नाही. टेंभुर्णीहून वीसेक किलोमीटरवर कुर्डुवाडी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये तिथून सुरू केली आणि पुढे तिथेच मोठा कारखाना उभा राहिला. रेल्वेने देशभर जी मिश्र घराणी पोसली, तशा घराण्यांतून पुढच्या पिढीचे काही गायक आले. मुंबईत १९२७ मध्ये जन्मलेला रेजिनाल्ड ब्रेटन्य पुढे टोनी ब्रेंट या नावाने पन्नासच्या दशकात इंग्लंडमध्ये गाजला. लखनौला १४ ऑक्टोबर १९४० रोजी जन्मलेल्या हॅरी वेबचे वडील रेल्वेच्या खानपान सेवेत होते. कुटुंब १९४८ मध्ये इंग्लंडला गेलं आणि हॅरीचा क्लिफ रिचर्ड झाला. त्याच्याही घराण्यात इंग्रज, वेल्श, स्पॅनिश असे धागे सांगतात.  अशा माणसांचे पूर्वज शोधताना जिथे नोंदी संपतात, तिथे बहुधा एखादी हिंदुस्थानी बाई उभी असते.

युरोपातल्या २,२५७ माणसांची जनुकं पीटर राल्फ आणि ग्रॅहॅम कूप यांनी २०१३ मध्ये ताडून पाहिली. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या, ओळख ना देख अशा दोन माणसांचेही गेल्या हजार-दीड हजार वर्षांतले सामाईक पूर्वज असतात, असं त्यांना दिसलं. गणिताने जे आधी सांगितलं होतं ते रक्ताने दाखवलं. हेमिंग्ज आजोबा इंग्लंडमधल्या कोणत्याही परगण्यातले असोत, ते तिथल्या साऱ्यांचे भाऊबंद होते. रुक्मिणीही तिच्या मुलखाची तशीच.

मग पुरुषांच्या रेषेबाहेरची नावं मिळवायची कुठून? आपल्याकडे एक ठिकाण आहे, आणि कचेरीत त्याची दखल घेतली जात नाही. सोयरीक जुळवताना जाणती बाईमाणसं सगळ्यात आधी विचारतात ते माहेर कुठलं, आजोळ कुठलं, मामकूळ कोणतं. लग्नाच्या बायोडाट्यावर मामाचं नाव, गाव आणि खाली 'नातेसंबंध' म्हणून आडनावांची ओळ असते. लग्न पार पडलं की तो कागद फेकला जातो. मुलामुलीचा, त्यांच्या आईवडिलांचा आणि चारही आजी-आजोबांचा, असा तीन पिढ्यांचा हा तपशील एका वहीत उतरवला, प्रत्येकाचं मामकूळ आणि गाव लिहिलं, तर आठही पणजी-पणजोबांची आडनावं आणि गावं हाती येतात. घरात नव्वदीची पणजी असेल आणि तिला तिच्या सासूचं माहेर आठवत असेल, तर वरच्या सोळा जागांतल्याही काही भरतात.